बाजारभावाचा तक्ता कसा वाचावा : धंद्यातले आकडे आणि त्यांचे प्रकार

खान्देशातल्या कुठल्याही बाजारगावी सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्राचे जे पान हातोहात फिरते, त्यावर बाजारभावाचा तक्ता असतो. शेतमालाचे नाव, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे त्याचे रकाने असतात. कापूस विकायला निघालेल्या शेतकऱ्याचे बोट कमाल दरावर असते आणि खरेदीला बसलेल्या व्यापाऱ्याचे किमान दरावर. दोघे एकाच तक्त्याचा दाखला देतात आणि दोघांचेही मन भरत नाही. ज्या रकान्याचा दोघांनाही सर्वांत जास्त उपयोग व्हावा तो शेवटचा, सर्वसाधारण दराचा. पण त्याचा अर्थ नेमका काय, हे विचारले की उत्तर चाचपडत येते.

गेल्या काही वर्षांत ही अडचण बाजार समितीच्या आवाराबाहेरही आली आहे. दुकानातल्या क्यूआर कोडवर पैसे घेणाऱ्या किराणा दुकानदाराला आता मोबाईलवर महिन्याचा अहवाल येतो, त्यात सरासरी विक्री असते, टक्केवारी असते, वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या रेघा असतात. आकडे आले, पण ते वाचायचे कसे हे कोणी सांगितले नाही. वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवताना मला हे वारंवार जाणवते : सरासरीचे सूत्र त्यांना तोंडपाठ असते, ते कोणत्या आकड्यांना लावायचे आणि कोणत्यांना लावायचे नाही, हा प्रश्न मात्र त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. माझ्या मते शिकवण्याची सुरुवात त्या प्रश्नापासून व्हायला हवी.

विदा म्हणजे काय?

एखाद्या गोष्टीविषयी पद्धतशीर केलेल्या नोंदींच्या संचाला विदा म्हणतात. शब्द नवा वाटला तरी वस्तू जुनी आहे. रोजमेळ, खतावणी आणि उधारीची वही ही व्यापाऱ्याची विदाच होय. ती त्याने स्वतः नोंदवलेली असल्यामुळे तिला प्राथमिक विदा म्हणतात. बाजार समितीचा तक्ता किंवा जनगणनेचे कोष्टक दुसऱ्या कोणी केलेले असते, म्हणून ती दुय्यम विदा. दुय्यम हा शब्द येथे कमीपणाचा नाही. नोंद कोणी, कशासाठी आणि कोणत्या रीतीने केली हे आपण पाहिलेले नाही, एवढेच तो सांगतो.

मात्र नुसता आकडा म्हणजे माहिती नव्हे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. गावात यांतला ८,११० हा एकच आकडा फिरला. त्याच्यासोबतच्या अटी फिरल्या नाहीत. हा दर ठरलेल्या प्रतीच्या कापसाचा असतो, त्यात ओलावा ८ टक्के धरलेला असतो, त्याहून जास्त ओलाव्याला कपात लागते आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर शासकीय खरेदीत माल घेतला जात नाही. आकड्यापासून त्याची प्रत, एकक, दिवस आणि ठिकाण तोडले की तो भांडणाचे कारण होतो. म्हणून वहीत आकडा लिहिताना या चार गोष्टी शेजारी लिहिण्याची सवय सर्वांत आधी लावावी.

सगळे आकडे सारख्या प्रकारचे असतात का?

नसतात. जळगावची गाडी एमएच-१९, धुळ्याची एमएच-१८ आणि नंदुरबारची एमएच-३९ या क्रमांकाने नोंदली जाते. ३९ हा १९ च्या दुपटीहून मोठा आहे, म्हणून नंदुरबार जळगावच्या दुप्पट आहे असे कोणी म्हणणार नाही. या तिन्हींची बेरीज ७६ येते आणि सरासरी २५ च्या थोडी वर; हे गणित बरोबर आहे आणि पूर्णपणे निरर्थक आहे. येथे आकडा केवळ नावाचे काम करतो. पिन कोड, मोबाईल क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि मालाचा सांकेतिक क्रमांक याच प्रकारातले. अशा विदेवर एकच काम करता येते : कोणत्या नावाखाली किती नोंदी आहेत हे मोजणे.

दुसरा प्रकार क्रमाचा. पहिल्या वेचणीचा कापूस, दुसऱ्या वेचणीचा कापूस आणि शेवटचा फरदड यांत चढउतार उघड आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक दुसऱ्या आणि फरदडमधल्या फरकाइतकाच असतो असे म्हणता येत नाही. मोबाईलवर गिऱ्हाईक दुकानाला जे तारे देतात, तेही याच प्रकारात मोडतात. चार तारे देणारा दोन तारे देणाऱ्याच्या दुप्पट समाधानी असतो, हे कोणत्या मापाने ठरवायचे? म्हणून तारांकनाची सरासरी ४.२ वरून ४.३ झाली याचा आनंद मानण्याऐवजी एक आणि दोन तारे देणारे किती होते, हे मोजलेले अधिक उपयोगी ठरते.

तिसऱ्या प्रकारात अंतरे समान असतात, पण शून्य सोयीने ठरवलेले असते. जळगावात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि जानेवारीच्या एखाद्या पहाटे तो ११ अंशांवर येतो असे धरू. दोन्हींत ३३ अंशांचा फरक आहे हे म्हणणे योग्य. मे महिना चौपट गरम असतो हे म्हणणे चूक, कारण सेल्सिअसचे शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे, पाणी गोठण्याच्या बिंदूला दिलेले ते नाव आहे. चौथ्या प्रकारात शून्य खरोखरच शून्य असते : वजन, रक्कम, लांबी, घडांची संख्या. या प्रकारात मात्र दुप्पट म्हणजे दुप्पट. हे चार प्रकार स्टॅन्ली स्टीव्हन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली एका शोधनिबंधात मांडले आणि जगभरच्या वर्गांत आजही ते त्याच क्रमाने शिकवले जातात.

याखेरीज एक भेद बाजारात आपोआप पाळला जातो : काही माल मोजायचा असतो आणि काही तोलायचा. केळीचे घड मोजतात, त्यांचे वजन तोलतात. घड १२ असतील किंवा १३, साडेबारा असत नाहीत. वजन १८ किलो ४०० ग्रॅमही असू शकते. पहिल्या विदेला खंडित आणि दुसरीला अखंडित म्हणतात. नावे विसरली तरी चालेल.

सरासरी एक की तीन?

एका किराणा दुकानातली दहा बिले घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. ४०, ६०, ६०, ८०, ९०, ११०, १२०, १५०, १९० आणि ४,१०० रुपये. शेवटचे बिल एका घरच्या लग्नाच्या किराण्याचे आहे. एकूण विक्री ५,००० रुपये झाली, म्हणून एका बिलाची सरासरी ५०० रुपये आली. शाळेत जिला सरासरी किंवा मध्य म्हणतात ती हीच. आता या दुकानात ५०० रुपयांच्या आसपास खरेदी करणारे गिऱ्हाईक शोधा. एकही सापडणार नाही. दहापैकी नऊ जणांनी २०० रुपयांच्या आत खरेदी केली आणि एका लग्नघराने सरासरीला वर ओढून नेले.

बिले चढत्या क्रमाने मांडून मधली रक्कम पाहिली तर ती ९० आणि ११० यांच्या मध्ये, म्हणजे १०० रुपये येते. हा मध्यक. सर्वांत जास्त वेळा आलेली रक्कम ६० रुपये आहे, ती बहुलक. तिन्ही आकडे खरे आहेत, मात्र ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. दिवसाचा गल्ला किती होईल याचा अंदाज हवा असेल तर ५०० रुपयांना गिऱ्हाइकांच्या संख्येने गुणावे. नेहमीचे गिऱ्हाईक किती खर्च करते आणि त्याच्यासाठी कोणत्या आकाराची पाकिटे भरून ठेवावीत, हे १०० रुपये सांगतात. सुट्टे पैसे कोणत्या रकमेसाठी तयार ठेवावेत, याचा इशारा ६० रुपयांतून मिळतो. ‘आमचे सरासरी बिल ५०० रुपयांचे आहे’ या वाक्यावर भरवसा ठेवून महागड्या मालाने फळ्या भरणाऱ्या दुकानदाराचे भांडवल तिथेच अडकून पडते.

मग सर्वसाधारण दर कोणता? केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर किमान आणि कमाल दरांच्या शेजारच्या रकान्याला ‘मोडल’ दर म्हटले आहे. मोडल म्हणजे बहुलकाशी नाते असलेला, ज्या दराने जास्तीत जास्त व्यवहार झाले तो. म्हणूनच किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनाने भागले की तो मिळत नाही, आणि मिळालाच तर तो योगायोग समजावा. कमाल दर एखाद्याच निवडक ढिगाचा असू शकतो, किमान दर भिजलेल्या एखाद्याच गाडीचा. या दोन टोकांची बेरीज बाजाराविषयी फारसे काही सांगत नाही.

हिशेबात वजन धरले नाही तर काय बिघडते?

धंद्यात सर्वांत जास्त पैसा ज्या चुकीने जातो ती, माझ्या पाहण्याप्रमाणे, हीच आहे. समजा, एका शेतकऱ्याने १० क्विंटल कापूस ७,५०० रुपयांनी आणि उरलेला ९० क्विंटल ६,८०० रुपयांनी विकला. दोन दरांची सरासरी काढली तर ७,१५० रुपये येते आणि घरात तोच आकडा सांगितला जातो. प्रत्यक्षात पहिल्या मालाचे ७५,००० आणि दुसऱ्याचे ६,१२,००० मिळून ६,८७,००० रुपये हाती आले. म्हणजे क्विंटलला ६,८७०. फरक २८० रुपयांचा आहे, आणि १०० क्विंटलवर तो २८,००० रुपये होतो. पुढच्या वर्षीचे बियाणे, खत आणि मजुरी यांचा अंदाज ७,१५० धरून केला, तर हे २८,००० रुपये कुठे गेले याचा शोध हंगामभर चालतो. ज्या दराने जितका माल गेला तितके वजन त्या दराला द्यायचे, याला भारित सरासरी म्हणतात. बाजारभावाच्या तक्त्यात आवकेचा रकाना दरांच्या शेजारी का असतो, याचे उत्तर यातच आहे : ज्या दिवशी आवक थोडी, त्या दिवशीचा चढा दर फार थोड्यांच्या पदरात पडलेला असतो.

सरासरीत काय काय मिसळले, हेही पाहावे लागते. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि पथारीवर वाळून तिची कोरडी मिरची होते. वाळताना वजन घटते आणि क्विंटलचा दर चढतो. ओल्या आणि कोरड्या मिरचीचे दर एकाच रकान्यात घालून काढलेली सरासरी कोणत्याच मिरचीची नसते. केळीच्या पट्ट्यात नवती (नव्या लागवडीची केळी), पिलबाग (कापणीनंतर पिलांपासून वाढवलेली) आणि वापसी (कमी प्रतीची) यांचे भाव वेगळे सांगितले जातात, ही शिस्त जुन्या व्यापाऱ्यांनी कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय पाळली आहे आणि ती टिकवण्यासारखी आहे.

सरासरी सारखी असली म्हणजे झाले का?

धुळ्यातल्या एखाद्या मिठाईवाल्याला रोज २०० लिटर दूध लागते असे समजू. त्याच्यासमोर दोन गवळी आहेत. पहिल्याने पाच दिवसांत १९८, २०२, २००, १९९ आणि २०१ लिटर दूध घातले. दुसऱ्याने १५०, २५०, २००, १८० आणि २२०. दोघांची सरासरी २०० लिटरच येते. तरीही पहिल्याकडून दूध घेणारा रात्री निश्चिंत झोपेल आणि दुसऱ्याकडून घेणारा एके दिवशी बाजारातून महाग दूध आणेल, तर दुसऱ्या दिवशी उरलेल्या दुधाचे काय करावे या विवंचनेत बसेल.

हा फरक आकड्यात पकडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सर्वांत मोठ्या नोंदीतून सर्वांत लहान वजा करणे : पहिल्याचा विस्तार ४ लिटर, दुसऱ्याचा १०० लिटर. पण विस्तार दोनच टोकांकडे पाहतो. मधल्या सगळ्या दिवसांचा विचार करायचा असेल तर प्रत्येक दिवस सरासरीपासून किती दूर गेला ते काढावे, त्या अंतरांचे वर्ग करावेत, वर्गांची सरासरी घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. यालाच प्रमाण विचलन म्हणतात. वर्ग करण्याचे कारण एवढेच की सरासरीच्या वर आणि खाली गेलेली अंतरे नुसती मिळवली तर ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्य येते. पहिल्या गवळ्याचे प्रमाण विचलन सुमारे १.४ लिटर येते, दुसऱ्याचे सुमारे ३४ लिटर. दुधाचा दर ठरवताना मिठाईवाल्याने पहिल्याला लिटरमागे थोडे जास्त दिले तरी ते पैसे वाया जात नाहीत. नियमितपणालाही किंमत असते आणि ती किती, हे या आकड्यावरून निदान अदमासाने ठरवता येते.

टक्केवारी तरी सरळ असते ना?

तीही जपून वापरावी लागते. १०० रुपयांचा भाव २० टक्क्यांनी चढला तर १२० होतो आणि तेथून २० टक्क्यांनी उतरला तर ९६ वर येतो, कारण दुसऱ्या वेळी टक्के १२० चे काढले जातात. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करण्याच्या, धंद्यात रुईचा उतारा ३३ वरून ३५ टक्क्यांवर गेला, तर वाढ दोन टक्के अंकांची झाली. पण १०० क्विंटल कापसातून ३३ ऐवजी ३५ क्विंटल रुई निघाली, म्हणजे रुई सुमारे ६ टक्क्यांनी वाढली. दोन टक्के म्हणणारा आणि सहा टक्के म्हणणारा, दोघेही बरोबर असतात. कशाचे टक्के, हे आधी विचारायला हवे.

गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करणे योग्य नाही का?

पुष्कळदा योग्य असते, आणि आपल्याकडे पुष्कळदा नसतेही. खान्देशात आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे, महत्त्व दिवाळीच्या खालोखाल आहे. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, घरोघरी खरेदी होते आणि जळगावच्या सराफ बाजारात गर्दी उसळते. अक्षय तृतीया २०२४ साली १० मे रोजी होती आणि २०२५ साली ३० एप्रिल रोजी. आता एखाद्या सराफाने मे २०२४ आणि मे २०२५ यांची विक्री शेजारी शेजारी मांडली, तर दुसऱ्या वर्षी विक्री कोसळली असे दिसेल, आणि एप्रिल महिन्यांची तुलना केली तर ती भरभराटीची दिसेल. वस्तुतः सण इंग्रजी महिन्याची सीमा ओलांडून अलीकडे आला. उपाय सोपा आहे : एप्रिल आणि मे मिळून तुलना करावी, किंवा आखाजीच्या आधीचे पंधरा दिवस दोन्ही वर्षांत मोजावेत.

केळीच्या व्यापाऱ्याला हीच काळजी रमजानबाबत घ्यावी लागते. उपवास सोडताना फळे लागतात, म्हणून मागणी वाढते. आणि हिजरी वर्ष चांद्रमानाचे असल्याने रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. अधिक मास आला की दिवाळी पुढे जाते. तयार अहवाल देणाऱ्या मोबाईलमधल्या प्रणालीला आखाजी ठाऊक असेलच असे नाही. दुकानदाराला ती निश्चित ठाऊक असते.

येथेच आणखी एक गल्लत होते. उन्हाळ्यात कूलर आणि ताक-लस्सी यांची विक्री एकत्र वाढते. या एकत्र वाढण्याला सहसंबंध म्हणतात. लस्सी प्यायल्याने कोणी कूलर घेत नाही; दोन्हींमागे ऊन आहे. दुकानाची पाटी बदलल्यानंतर विक्री वाढली असेल, तर पाटीला श्रेय देण्याआधी त्याच महिन्यात लग्नसराई होती का, एवढे पाहावे.

सगळा माल न तपासता अंदाज कसा बांधावा?

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. ही म्हण नमुना पाहणीचे सगळे शास्त्र सांगते, फक्त एक अट तिच्यात गृहीत आहे : भात सारखा शिजलेला असावा. पोत्यात पन्हळी नळी खुपसून धान्य पाहणारा डाळ मिलचा जाणकार वरच्याच पोत्यावर थांबत नाही, खालच्या थरातले आणि मधले पोतेही टोचतो, कारण चांगला माल वर ठेवण्याची खोड त्याला ठाऊक असते. नमुना किती मोठा यापेक्षा तो कसा निवडला, हे महत्त्वाचे. निवडीत आपली आवड शिरू नये म्हणून प्रत्येक पोत्याला निवडले जाण्याची सारखी संधी देणे, याला यादृच्छिक निवड म्हणतात.

ही कल्पना शेतीत आणण्यात भारतीयांचा वाटा मोठा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि त्या दशकात बंगालमधील तागाच्या नमुना पाहण्या केल्या. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक निवडीवर आधारलेले पीक कापणी प्रयोग देशात रुजवले. आज गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली की वर हे ठरवताना याच प्रयोगांचा आधार घेतला जातो आणि त्यावर शेतकऱ्याच्या काही सवलती अवलंबून असतात. त्यामुळे प्रयोगाचे शेत कसे निवडले, हे विचारण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे आणि तो बजावला पाहिजे.

इतक्या वर्षांचा अनुभव पुरेसा नाही का?

अनुभव हीसुद्धा विदाच आहे, पण ती डोक्यात साठवलेली असते आणि डोके सगळ्या दिवसांना सारखे लक्षात ठेवत नाही. ज्या वर्षी केळीचा भाव कोसळला ते वर्ष ठळक आठवते. जी चार वर्षे साधी गेली ती पुसली जातात. वही या चार वर्षांनाही तेवढीच जागा देते. उलट वहीला जे दिसत नाही ते अनुभवाला दिसते : या व्यापाऱ्याचा शब्द पक्का आहे, त्या रस्त्याने पावसाळ्यात गाडी अडकते. दोन्ही जवळ असावीत.

आणि वहीतही एक मोठी पोकळी राहते, जी मोबाईलच्या अहवालात तर असतेच असते. विक्री झाली त्याची नोंद होते. वस्तू नव्हती म्हणून रिकाम्या हाताने परत गेलेल्या गिऱ्हाइकाची होत नाही. अहवाल सांगतो की अमुक साबण महिन्यात केवळ दहा विकले गेले. तो साबण महिन्यातले वीस दिवस दुकानात नव्हताच, हे तो सांगत नाही. गल्ल्याशेजारी एक कोरा कागद ठेवून, मागितलेली पण नसलेली वस्तू तारखेसह त्यावर लिहीत गेल्यास, महिनाअखेरीस तो कागद आणि विक्रीचा अहवाल शेजारी ठेवून पुढच्या खरेदीची यादी करता येते.